वसाहतकालीन अमेरिकेतला पत्रव्यवहार: घरची खुशाली आणि धंद्याचा हिशोब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही पत्रं नेमकी कोणत्या काळातली आणि कुठली?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ज्या तेरा इंग्रजी वसाहतींनी १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, तिथली. इंग्रजांची पहिली टिकलेली वस्ती, व्हर्जिनियातलं जेम्सटाउन, १६०७ ची. तिथून स्वातंत्र्ययुद्धापर्यंतची पावणेदोनशे वर्षं धरा. सुरुवातीच्या काळातली पत्रं थोडीच उरली आहेत. अठराव्या शतकात मात्र त्यांचा पूर येतो, कारण बंदरं वाढली, उधारी वाढली आणि लिहिता येणारी माणसंही वाढली.

टपालखातं होतं का? पत्र जायचं कसं?

सुरुवातीला खातं वगैरे काही नव्हतं. जो कोणी त्या बाजूला निघाला असेल, त्याच्या हाती पत्र द्यायचं. १६३९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने बोस्टनमधल्या रिचर्ड फेअरबँक्स याचं घर समुद्रापारच्या पत्रांसाठी नेमून दिलं आणि पत्रामागे एक पेनी घ्यायची त्याला मुभा दिली. १६७३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कहून बोस्टनकडे पहिला टपालस्वार निघाला. ब्रिटिश संसदेचा टपालाचा कायदा १७११ मध्ये लागू झाला आणि मग वसाहतींचं टपाल लंडनच्या खात्याखाली आलं.

कायदा झाला तरी व्यवहार जुन्या वळणानेच चालू राहिला. बंदरातल्या कॉफीहाउसमध्ये जहाजाच्या नावाची पिशवी टांगलेली असे. त्यात पत्रं टाकायची आणि कप्तान निघताना ती पिशवी उचलून न्यायचा. समुद्रापारची कितीतरी पत्रं अशीच गेली.

टपालस्वारही काही कमी नव्हते. ह्यू फिनले नावाचा टपाल अधिकारी १७७३ मध्ये तपासणीच्या फेरीवर निघाला तेव्हा त्याला कनेटिकटमध्ये बहात्तर वर्षांचा एक स्वार भेटला. सेहेचाळीस वर्षं त्याच रस्त्यावर होता आणि सरकारी थैलीबाहेरची पत्रं स्वतःच्या खिशासाठी वाहून त्याने बरी माया जमवली होती. त्या खेपेला उशीर का झाला, तर नावेवरून येणाऱ्या बैलांची वाट पाहत होता! ते भाड्याने पुढच्या गावी हाकत न्यायचे होते. लोकांचा या सगळ्याला आक्षेप नव्हता. पत्र पोचल्याशी मतलब.

टपालाचे पैसे कोण भरायचं?

बहुतेक वेळा ज्याला पत्र आलं तो. दर ठरायचा अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. १७११ च्या दरानुसार लंडन ते न्यूयॉर्क एका कागदाला एक शिलिंग, दोन कागदांना दोन. म्हणून लिफाफा ही उधळपट्टी होती, तो दुसरा कागद धरला जायचा. एकच मोठा ताव घ्यायचा, तीन बाजू लिहून काढायच्या, चौथी बाजू बाहेर येईल अशी घडी घालायची आणि तिच्यावर पत्ता लिहायचा. बंद करायला लाख, नाहीतर पिठाची पातळ टिकली ओली करून चिकटवायची. जुन्या पत्रांत मध्येच एखादा शब्द गायब दिसतो तो याचमुळे. पत्र उघडताना लाखेबरोबर कागदाचा तुकडा फाटून गेलेला असतो.

शाई घरीही करत: मायफळ, हिराकस आणि डिंक. आज ही पत्रं तपकिरी दिसतात, पण लिहिली तेव्हा ती काळीभोर होती.

एक माणूस मात्र फुकटात पत्रं पाठवायचा. बेंजामिन फ्रँकलिन १७३७ पासून फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर होता आणि १७५३ पासून सगळ्या वसाहतींच्या टपालाचा सहप्रमुख. त्या पदाला टपालमाफी होती. नियमाने पत्रावर ‘फ्री’ लिहून सही करायची. त्याने पुढे गंमत म्हणून सहीच ‘बी. फ्री फ्रँकलिन’ अशी करायला सुरुवात केली. टपाल सुधारलंही त्यानेच. हिवाळ्यात फिलाडेल्फियाहून बोस्टनला पाठवलेल्या पत्राचं उत्तर यायला सहा आठवडे लागत, ते तीन आठवड्यांवर आणलं.

समुद्रापार पत्र पोचायला किती दिवस? आणि जहाज बुडालं तर?

सगळा वाऱ्याचा खेळ. अमेरिकेकडून इंग्लंडला जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर. सहा ते दहा आठवडे सर्रास, त्याहून जास्तही लागायचे. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चार-पाच महिन्यांनी. युद्धाच्या काळात शत्रूची जहाजं माल पकडायची आणि पत्रंही.

यावर उपाय एकच होता, नकला. महत्त्वाच्या पत्राच्या दोन किंवा तीन प्रती काढायच्या आणि वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायच्या. पुढच्या पत्राची सुरुवातच अशी व्हायची की अमुक तारखेला तमुक कप्तानाबरोबर लिहिलं होतं, त्याची नक्कल सोबत आहे. पैशांच्या कागदाचंही तेच. लंडनच्या पेढीवर काढलेल्या हुंडीचे पहिला, दुसरा, तिसरा असे तीन कागद निघत. प्रत्येकावर लिहिलेलं असे की बाकीचे दोन वटले नसतील तरच हा वटवावा. आपल्याकडच्या हुंडीची पेठ आणि परपेठ (म्हणजे दुसरी आणि तिसरी प्रत) ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

घरगुती पत्र आणि धंद्याचं पत्र वेगळं कसं ओळखायचं?

बहुतेक वेळा ओळखता येत नाही. ओळखायचा हट्टही धरू नये, असं माझं मत. संग्रहांमध्ये ‘कौटुंबिक’ आणि ‘व्यापारी’ असे खोके वेगळे केलेले असतात. ती सोय आपली, त्या माणसांची नव्हे. लंडनमध्ये मामा, जमैकात मेहुणा, बार्बाडोसमध्ये चुलतभाऊ असं जाळं असे, आणि तेच व्यापाराचंही जाळं. समुद्रापलीकडे कोर्टकचेरी करायची म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. तेव्हा विश्वास ठेवायचा तर नात्यातल्या माणसावर. त्यामुळे एकाच तावावर वर तांदळाचा भाव, मध्ये बाळाचे दात, खाली थकलेली बाकी.

सगळ्यात चांगलं उदाहरण एलायझा लुकस पिंकनीचं. जन्म अँटिग्वा बेटावर, १७२२ चा. वडील लष्करी अधिकारी. १७३९ मध्ये त्यांना कामावर अँटिग्वाला परतावं लागलं आणि दक्षिण कॅरोलायनातल्या तीन मळ्यांचा कारभार या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीवर आला. तिने पाठवलेल्या पत्रांची नकलवही ठेवली. काहींची पूर्ण नक्कल, काहींची नुसती नोंद: वडिलांना मळ्याच्या कामाबद्दल लांबलचक पत्र लिहिलं; नीळ, आलं, कापूस वगैरे लावून पाहण्यासाठी काय खटपट केली ते कळवलं. त्याच वहीत पुढे वडिलांनी सुचवलेल्या दोन स्थळांचं उत्तर आहे. पैकी एका वयस्कर गृहस्थाबद्दल ती लिहिते की पेरू आणि चिलीची सगळी दौलत एकत्र केली तरी त्याला नवरा करून घेण्याइतका आदर तिच्या मनात उपजणार नाही. लिहिणारी वडिलांची मुलगी, आणि त्यांची कारभारीणही तीच.

नीळ यायला काही वर्षं गेली. १७४४ च्या सुमारास पीक चांगलं साधलं, १७४८ मध्ये ब्रिटिश संसदेने पौंडभर निळीमागे सहा पेन्सचं अनुदान दिलं, आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी त्या वसाहतीतून वर्षाला दहा लाख पौंड वजनाहून जास्त नीळ बाहेर जाऊ लागली. यातला मजेचा भाग तिने १७८५ मध्ये, म्हातारपणी, मुलाला लिहिलेल्या पत्रात सांगितला आहे. माँटसेराट बेटावरून नीळ काढण्यासाठी जो कारागीर आणला होता, त्याला वाटू लागलं की इथे धंदा जमला तर आपल्या बेटाचं नुकसान होईल. म्हणून त्याने चुन्याची निवळी बेसुमार ओतून रंग बिघडवला. म्हणजे धंद्यातली ही गोम आपल्याला कळते ती आईने मुलाला लिहिलेल्या पत्रातून.

राबणारे हात गुलामांचे होते. त्याबद्दल पुढे.

व्हर्जिनियाचे मळेवाले आणि लंडनचे अडत्ये यांची पत्रं एवढी तक्रारींनी का भरलेली?

कारण व्यवहारच तसा होता. मळेवाला तंबाखूचे पिंप लंडनच्या अडत्याकडे पाठवायचा. भाव तिथे ठरणार, वाहतूक, जकात, विमा, अडत हे सगळं त्यातून वजा होणार आणि उरलेल्या पैशांतून अडत्याच मळेवाल्याच्या घरच्या वस्तू घेऊन पाठवणार. विकणारा तोच, खरेदी करणारा तोच, उधार देणाराही तोच.

जॉर्ज वॉशिंग्टनचंच बघा. जानेवारी १७५९ मध्ये त्याने मार्था कस्टिस या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. १ मे रोजी त्याने लंडनच्या रॉबर्ट कॅरी आणि कंपनीला कळवलं की लग्न झालं आहे, दाखला सोबत आहे, यापुढे कस्टिस कुटुंबाच्या मालाबद्दलची पत्रं माझ्या नावे पाठवावीत. लग्नाची बातमी आणि खातं बदलण्याचा अर्ज एकाच टपालाने.

मग सुरू झाल्या याद्या. खिळे, कुदळी, जाडंभरडं कापड, बायकोसाठी कपडे, सावत्र मुलांसाठी खेळणी, वाचायला शिकणाऱ्यांसाठी छोटी पुस्तकं, नव्या फॅशनचे कपडे घातलेली बाहुली. मुलांच्या वस्तूंचा हिशोब वेगळा, कारण त्यांची इस्टेट वेगळी. १७५९ च्या सप्टेंबरच्या यादीत घरात मांडायला वीरांचे अर्धपुतळेही मागवले होते: सिकंदर, ज्युलियस सीझर, स्वीडनचा बारावा चार्ल्स आणि प्रशियाचा राजा. शिवाय दोन हिंस्र श्वापदं. लंडनहून उत्तर आलं की त्या मापात असे पुतळे मिळत नाहीत. पाठवलं काय, तर म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन ट्रॉयमधून निघालेला इनियस आणि मद्याचा देव बॅकस व फुलांची देवी फ्लोरा यांच्या जोड्या. सिंह मात्र आले.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने जे पत्र लिहिलं ते एखाद्या त्रासलेल्या गिऱ्हाइकाचंच आहे. आमच्या वाटेला येतो तो माल आमच्या पणजोबांच्या काळात शोभला असता, माल परदेशी जाणार असं कळलं की दुकानदार जुनाट आणि हलकी चीज गळ्यात मारतात आणि वर दहा, पंधरा, वीस टक्के चढवतात. यादरम्यान कर्ज वाढत होतं. १७६४ पर्यंत कॅरीचे त्याच्याकडे सुमारे अठराशे पौंड निघत होते. त्याने हळूहळू तंबाखू सोडून गहू धरला. पुढे इंग्लंडविरुद्ध जे घडलं त्याचं मूळ कराइतकंच या वहीखात्यातही शोधावं, असं मला वाटतं. सगळेच इतिहासकार याला मान डोलावतील असं नाही.

बायकांना लिहिता यायचं का?

वाचता पुष्कळजणींना यायचं, लिहिता त्याहून कमी. वाचन बायबलसाठी म्हणून आधी शिकवत. लेखन हे धंद्याचं कौशल्य, ते वेगळं आणि मुलग्यांना. सह्यांवरून काढलेल्या अंदाजानुसार न्यू इंग्लंडमध्ये (म्हणजे ईशान्येकडच्या वसाहतींत) १७६० च्या सुमारास ८५ टक्के पुरुष सही करू शकत होते, बायका त्याच्या जेमतेम अर्ध्या.

फ्रँकलिनची बायको डेबोरा कानाला ऐकू येईल तसं लिहायची. शुद्धलेखन अगदीच कच्चं. पण नवरा १७५७ नंतर बहुतेक वर्षं लंडनमध्ये आणि फिलाडेल्फियाचं घर, टपालाचं काम, पैशाची देवघेव हे सगळं तिच्याकडे. ती त्याला सफरचंदं पाठवायची, तो तिला कापड आणि चिनी मातीची भांडी. १७५८ मध्ये त्याने बिअरचा एक मोठा जग पाठवला आणि लिहिलं की निळ्या-पांढऱ्या छिटाचा झगा घातलेल्या गुबगुबीत, आनंदी, टापटीप बाईसारखा दिसतो, पाहताच कोणाची तरी आठवण झाली. शेवटची दहा वर्षं त्यांची भेट नाही. १७७४ च्या डिसेंबरमध्ये ती गेली तेव्हाही तो लंडनलाच होता.

बोस्टनची त्याची धाकटी बहीण जेन मेकम हिच्याशी त्याचा पत्रव्यवहार साठाहून जास्त वर्षं चालला. तिच्या लग्नाच्या वर्षी, १७२७ मध्ये, त्याने कळवलं की चहाचं टेबल पाठवणार होतो, पण घर सांभाळणाऱ्या बाईला चरखा जास्त शोभेल, म्हणून चरखा पाठवतो आहे. एकवीस वर्षांचा भाऊ, चौदा वर्षांच्या बहिणीला! अशा ठिकाणी त्याचा राग येतो.

न्यूयॉर्कच्या अबिगेल फ्रँक्सची पत्रंही जरूर वाचावीत. ज्यू व्यापारी कुटुंब. मुलगा नफ्ताली लंडनला काकांच्या हाताखाली धंदा शिकत होता. १७३३ च्या पत्रात ती त्याला बजावते की मामाकडे पाव-लोण्याखेरीज काही खायचं नाही, आणि जिथे आपल्या धर्माप्रमाणे अन्न केलं असेल की नाही याची शंका असेल तिथेही नाही. दहा वर्षांनी तिचं सगळ्यात दुःखी पत्र येतं. मुलीने घरात न सांगता ख्रिस्ती घरातल्या ऑलिव्हर डीलान्सीशी लग्न केलं होतं आणि सहा महिने लपवलं होतं.

नवरा-बायको एकमेकांना प्रेमाचं काही लिहायचे का?

लिहायचे, आणि मोकळेपणाने. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप १६३० मध्ये जहाजाने निघाला, बायको मार्गारेट गरोदर म्हणून इंग्लंडमध्ये थांबली. दोघांनी ठरवलं होतं की दर सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता एकमेकांची आठवण काढायची. जुलैमध्ये त्याने तिला कळवलं की मुलगा हेन्री पोचल्या पोचल्या बुडून गेला. एरवी शिस्तीने लिहिणारा हा माणूस तिथे मुलाचं नाव दोनदा घेतो.

पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन अॅडम्स आणि त्याची बायको अबिगेल यांची अकराशेच्या वर पत्रं शिल्लक आहेत. मार्च १७७६ चं, नव्या कायद्यात बायकांना विसरू नका असं सांगणारं पत्र सगळ्यांना माहीत असतं. मला त्याच्या आदल्या वर्षीचं, जून १७७५ चं, जास्त आवडतं. बोस्टनला वेढा पडलेला, युद्ध दाराशी आणि ती नवऱ्याला लिहिते की येताना टाचण्यांचा एक गठ्ठा घेऊन या, साडेसात शिलिंगांचा माल वीसला झाला आहे आणि तरी मिळत नाही.

गुलाम आणि नोकर यांचा आवाज या पत्रांत कुठे येतो का?

मालकांच्या पत्रांत ते येतात ते माल म्हणून. चार्ल्सटनचा हेन्री लॉरेन्स अडतीवर गुलाम विकायचा, आणि त्याच्या धंद्याच्या पत्रांत माणसांचा भाव तांदूळ, रम, साखर यांच्याच ओघात येतो, त्याच सपाट सुरात. हाच लॉरेन्स १४ ऑगस्ट १७७६ ला मुलाला लिहितो की मला गुलामगिरीची घृणा आहे. दोन्ही पत्रं एकाच हातची.

दुसऱ्या बाजूने लिहिलेलं फार थोडं उरलं. रिचर्ड फ्रेथॉर्न हा करारावर व्हर्जिनियात आलेला इंग्रज पोरगा. १६२३ मध्ये तो आईबापांना लिहितो की वाटाणे आणि पातळ पेज यापलीकडे खायला काही नाही, मला सोडवा, ते जमत नसेल तर चीज, लोणी, मांस काहीतरी पाठवा, विकून नफा झाला तर तो तुमचाच. पोटात अन्न नाही, पण आर्जवातही व्यवहार आहे.

फिलिस व्हीटली बोस्टनमध्ये गुलाम म्हणून आली आणि १७७३ मध्ये तिच्या कवितांचं पुस्तक लंडनला छापलं गेलं. न्यूपोर्टमधली तिची मैत्रीण ओबर टॅनर, तीही गुलाम. तिला लिहिलेली पत्रं भक्तीची, जिव्हाळ्याची, आणि मधूनच पुस्तकाच्या प्रती खपवण्याबद्दलची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यू हेवनच्या डेव्हिड वूस्टरला ती कळवते की मालकाने मला मुक्त केलं आहे, विक्रीतला अर्धा वाटा माझा आहे, तेव्हा तिकडचा कोणी छापखानेवाला पुस्तक परस्पर छापणार नाही एवढं बघा.

पत्रं कोणी फोडून वाचायचं का?

सर्रास. म्हणून नाजूक मजकूर ओळखीच्या माणसाच्या हातून जायचा. सगळ्यात गाजलेलं प्रकरण थॉमस हचिन्सनचं. त्याने १७६७ ते १७६९ मध्ये लंडनच्या थॉमस व्हेटलीला खाजगी पत्रं लिहिली होती. ती फ्रँकलिनच्या हाती लागली, १७७२ च्या डिसेंबरात त्याने ती गुपचूप बोस्टनला पाठवली आणि १७७३ मध्ये ती छापली गेली. तोवर हचिन्सन मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला होता. लंडनमध्ये या पत्रांवरून द्वंद्वयुद्ध झालं तेव्हा फ्रँकलिनने कबूल केलं. जानेवारी १७७४ मध्ये त्याची भर सभेत खरडपट्टी निघाली आणि टपालखात्यातली नोकरी गेली. दुसऱ्यांची पत्रं पोचवायची जबाबदारी असलेल्या माणसाने हे केलं, याचा ब्रिटिशांना आलेला राग मला पुरता समजतो.

१७६५ चा स्टॅम्प कर पत्रांवर होता ना?

नाही. तो कोर्टाची कागदपत्रं, परवाने, वर्तमानपत्रं, खेळायच्या पत्त्यांचे जोड अशा वस्तूंवर होता. खाजगी पत्रांवर नाही.

एकाच तारखेला ‘१७२६/७’ अशी दोन वर्षं का?

इंग्रजांचं सरकारी नवं वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख लोक दोन्ही वर्षं घालून लिहीत. १७५२ मध्ये नवं कॅलेंडर आलं आणि २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. व्याजाचा हिशोब करताना हे विसरू नये.

हिंदुस्थानशी काही संबंध?

थेट थोडा. बोस्टनला जन्मलेला एलिहू येल ईस्ट इंडिया कंपनीत जाऊन मद्रासचा गव्हर्नर झाला आणि बक्कळ पैसा करून लंडनला परतला. जानेवारी १७१८ मध्ये पाद्री कॉटन मॅदर याने त्याला पत्र लिहून सुचवलं की कनेटिकटच्या कॉलेजला मदत केलीत तर तुमचं नाव त्याला लागेल. येलने मालाच्या नऊ गासड्या, ४१७ पुस्तकं आणि राजाचं चित्र पाठवलं. माल विकून ५६२ पौंड आले. येल विद्यापीठाचं नाव या एका पत्राने पडलं म्हणायला हरकत नाही.

ही पत्रं कुठे वाचायला मिळतील?

वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अॅडम्स यांची पत्रं ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत, टीपांसकट. मूळ अक्षर पाहायचं असेल तर मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने अॅडम्स दांपत्याची पत्रं चित्रांसह ठेवली आहेत. शब्दाच्या मध्ये ‘एफ’सारखं दिसणारं अक्षर बहुधा लांब ‘एस’ असतं, एवढं ध्यानात ठेवलं की निम्मं काम होतं. मार्था वॉशिंग्टनने नवऱ्याची पत्रं जाळून टाकली. जून १७७५ ची दोन तेवढी वाचली, ती तिच्या नातीला नंतर मेजात सापडली.